सभास्थानाच्या दारातले आईवडील



आज प्रायश्चित्तकाळातला चौथा रविवार. वेदीजवळ आज जांभळ्या वस्त्राऐवजी गुलाबी वस्त्र दिसेल. उपवासाचा अर्धा रस्ता संपला, पुनरुत्थान सण जवळ आला, म्हणून ख्रिस्तसभा आजच्या दिवशी आपल्याला आनंद करायला सांगते. आणि वाचायला देते ते योहानच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय, जन्मांध माणसाची गोष्ट. वाचन लांबलचक आहे. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत आपण ते ऐकतो आणि संपले की हुश्श करून बसतो. त्या घाईत एक जोडपे आपल्या नजरेतून सुटते. आज मला त्यांच्याविषयीच लिहायचे आहे.

ते जोडपे म्हणजे त्या आंधळ्याचे आईवडील. अठराव्या ओवीत त्यांना परुशी लोकांसमोर बोलावले जाते. हा तुमचाच मुलगा का, तो जन्मापासून आंधळा होता का, आणि आता त्याला कसे दिसते, अशी तीन प्रश्नांची सरबत्ती होते. पहिल्या दोन प्रश्नांना ते सरळ उत्तर देतात. तिसऱ्या प्रश्नावर ते मागे सरतात: तो वयात आला आहे, त्यालाच विचारा. ते असे का बोलले याचे कारण योहान स्वतःच देतो. जो कोणी येशूला ख्रिस्त म्हणेल त्याला सभास्थानाबाहेर काढायचे असे आधीच ठरले होते, आणि त्या दोघांना त्याची भीती वाटत होती.

प्रवचनांतून या आईवडिलांची बहुधा कानउघाडणी होते. भित्रे, स्वतःच्या मुलाची बाजूही न घेणारे. मुलगा किती धीट आणि हे किती दुबळे, अशी तुलना करायला सोपी जाते. मला मात्र हा अध्याय जितक्या वेळा वाचतो तितका त्या दोघांचा न्याय करणे कठीण वाटते. शिष्यांचा पहिला प्रश्न आठवा. आंधळा दिसताक्षणी त्यांनी येशूला विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? शिष्य काही दुष्ट माणसे नव्हती. रस्त्यात सहज सुचावा असा तो प्रश्न होता, कारण त्या गावात सगळेच तो विचारत असणार. म्हणजे मुलगा जन्मला त्या दिवसापासून तो वयात येईपर्यंत त्या बाईने पाणवठ्यावर, लग्नघरी आणि सणाच्या दिवशी सभास्थानात हाच प्रश्न लोकांच्या डोळ्यांत वाचला असेल.

आणखी एक गोष्ट पाहा. त्या मुलाला दिसू लागले तेव्हा गावात आनंद कोणाला झाला? अध्याय पुन्हा वाचा, एकाही माणसाच्या आनंदाची नोंद त्यात नाही. शेजारी वाद घालतात की हा तोच की त्याच्यासारखा दुसरा कोणी. मग ते त्याला परुश्यांकडे नेतात. परुश्यांना शब्बाथाची काळजी. शेवटी आईवडिलांना खटल्यातल्या साक्षीदारासारखे उभे करतात. 'माय, तुझ्या लेकराला दिसायला लागलं' असे तिला कोणी म्हटल्याचे शुभवर्तमानात नाही. आनंदाच्या रविवारी ख्रिस्तसभेने आपल्यापुढे ठेवलेले वाचन हे असे आहे.

हे सगळे आज लिहायला एक निमित्त आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २००७ साली ठराव करून २ एप्रिल हा ऑटिझमविषयीच्या जाणीव-जागृतीचा दिवस ठरवला आणि २००८ पासून तो जगभर पाळला जातो. यंदा तो दिवस पवित्र गुरुवारी येतो आहे. ऑटिझमला मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो. शब्द रूढ झाला आहे म्हणून वापरतो, पण मला तो पटत नाही. जणू मूल स्वतःतच रमले आहे, त्याला कोणाची गरज नाही, असा भास त्यातून होतो. अशा मुलांच्या घरी जो थोडा वेळ बसला आहे त्याला ठाऊक असते की आई स्वयंपाकघरात गेली तरी मूल तिच्या बांगड्यांच्या आवाजाकडे कान लावून असते. त्याला माणसे हवी असतात, फक्त आपल्या पद्धतीने ती हवी असतात असे नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शुभवर्तमानातला आंधळा बरा झाला. स्वमग्नता हा बरा होण्याची वाट पाहत बसण्याचा आजार नव्हे. ती मेंदूच्या जडणघडणीतली जन्मजात वेगळी रीत आहे. काही मुले बोलत नाहीत, काही खूप बोलतात पण एकाच विषयावर, काहींना डोळ्यांत डोळे घालून बघणे जड जाते. रोजचा क्रम मोडला तर पायाखालची जमीन सरकल्यासारखे होते. आपल्याला जो आवाज साधा वाटतो तो त्यांच्या कानात खिळ्यासारखा जातो; आपल्याला न जाणवणारी शर्टाच्या कॉलरमागची पट्टी त्यांना दिवसभर टोचते. काही मुले अभ्यासात हुशार असतात, काहींना आयुष्यभर जेवताना, अंघोळ करताना मदत लागते. दोन मुले सारखी नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. हजार माणसांच्या धर्मग्रामाला हा हिशेब लावला तर सात-आठ जण होतात. आपल्या रविवारच्या मिस्सेला त्यांपैकी किती दिसतात ते मनातल्या मनात मोजा.

'पाप कोणाचे' हा प्रश्न त्या काळाबरोबर संपला असे कोणी समजू नये. त्याने फक्त कपडे बदलले. अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचा अभ्यास मांडून या अवस्थेला वैद्यकशास्त्रात ओळख मिळवून दिली. पुढे कित्येक वर्षे मोठमोठे विद्वान सांगत राहिले की आईच्या मायेत ओलावा नसतो म्हणून मूल असे होते. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली यावर पुस्तक लिहिले आणि ते गाजले. पांढरा कोट घालून शिष्यांचाच प्रश्न पुन्हा विचारला गेला, आणि या वेळी उत्तर होते 'आईचे'. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ सालीच पुरावे मांडून हे मत खोडले होते. तो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता. पण आयांची त्या आरोपातून सुटका व्हायला वेळ लागला. १९९८ साली लसीमुळे स्वमग्नता येते असे सुचवणारा एक लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. त्यातली मांडणी खोटी ठरली आणि २०१० साली नियतकालिकाने तो मागे घेतला. तरी आजही लस दिली म्हणून आई स्वतःला कोसते. आज शास्त्रज्ञ सांगतात की या अवस्थेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि संगोपनातल्या चुकीमुळे ती येत नाही.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे हा प्रश्न प्रार्थनेच्या भाषेत येतो. घराण्यावर पूर्वजांचा शाप आहे, आजोबांनी काहीतरी केले असेल, विश्वास कमी पडतो आहे, आणखी नऊ दिवस उपवास करा. काही आईबाप लेकराला घेऊन एका प्रार्थनासभेतून दुसऱ्या प्रार्थनासभेत फिरतात. कर्णे, टाळ्या, गर्दी या सगळ्याने मूल किंचाळते, आणि ते किंचाळणे म्हणजे भूतबाधेचा पुरावा समजून त्याच्यावर आणखी मोठ्या आवाजात प्रार्थना होते. बंधूंनो, हे थांबले पाहिजे. आंबट द्राक्षे बापाने खाल्ली आणि दात मुलाचे आंबले, ही म्हण यहेज्केल संदेष्ट्याने अठराव्या अध्यायात मोडीत काढली. आजच्या शुभवर्तमानात येशूने ती पुन्हा मोडली: ना याचे पाप, ना आईबापांचे. पिढीजात पापाच्या नावाने चालणाऱ्या आरोग्यप्रार्थनांविरुद्ध स्पेनच्या महागुरूंनी २०२४ साली स्पष्ट शब्दांत इशारा दिला. मुलासाठी प्रार्थना जरूर करा, रुग्णांसाठी आपण करतोच. पण प्रार्थनेच्या पाकिटात आईबापांसाठी आरोपपत्र घालू नका.

फसवणूक फक्त प्रार्थनेच्या नावाने होते असेही नाही. स्टेम सेलच्या उपचाराने मूल बोलू लागेल असे सांगून लाखो रुपये घेतले जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली सांगितले आहे की स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही. गावाकडचे शेत विकायला निघालेल्या बापाने आधी एवढे वाचावे. लहान वयात सुरू केलेली बोलण्याची, हालचालींची आणि रोजच्या कामांची शिकवण मात्र खरोखर उपयोगी पडते. तिला वेळ लागतो, आणि तिची जाहिरात कोणी करत नाही.

आता थोडे या घरांच्या आत डोकावू. 'जीवनाचा दर्जा' हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. तो कशावर ठरतो? अशा घरात तो झोपेवर ठरतो. कित्येक स्वमग्न मुले रात्री दोन-तीन तासच झोपतात आणि मग घरात एक जण आळीपाळीने जागा असतो. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेलेला असताना, वीज गेली आणि कूलरची रोजची घरघर थांबली, तर इतरांचा घाम निघतो. त्या मुलाचे सारे जगच बंद पडते. कामठीहून किंवा हिंगण्याहून आठवड्यातून तीनदा धंतोली-रामदासपेठेत थेरपीला यायचे तर आईला नोकरी सोडावी लागते, आणि घरात एकच पगार उरलेला असताना खर्च दुप्पट होतो. भाड्याच्या फ्लॅटमध्ये वरचा शेजारी आवाजाची तक्रार करतो. लग्नाची पत्रिका येते, पण 'तुम्ही दोघंच या, त्याला गर्दीचा त्रास होतो ना' असे प्रेमाने सांगून येते. काही मुले दार उघडे दिसले की निघून जातात, आणि त्यांना पाण्याची ओढ असते. अंबाझरी आणि फुटाळ्याच्या या शहरात ही धास्ती किती मोठी, हे ज्याने एकदा असे मूल शोधत रस्ता तुडवला आहे त्यालाच कळेल. या घरात आणखीही एखादे मूल असते, शहाणे, न सांगता अभ्यास करणारे, ज्याच्याकडे कोणी पाहत नाही. त्याच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला आईबाप दोघे मिळून कधी जाऊ शकत नाहीत.

या सगळ्यातले बरेचसे ओझे मुलाच्या स्वमग्नतेने आणलेले नाही. भोवतीच्या माणसांनी हात काढून घेतल्याने ते जड झाले आहे. औषधाने ते हलके होणार नाही. शेजारी दोन तास येऊन बसला तर हलके होईल.

आणि मग रविवार येतो. एका आईने मला सांगितले, 'फादर, आम्ही चर्चला येतो, पण चर्चमध्ये येत नाही.' लुर्दमातेच्या गुंफेजवळच्या कट्ट्यावर ती मुलाला घेऊन बसते आणि कर्ण्यावरून मिस्सा ऐकते. नवरा आत जातो, कम्युनियन घेऊन बाहेर येतो, मग ती आत जाते. लग्नात वेदीसमोर एकमेकांचा हात धरला, त्यानंतर एका बाकावर बसून मिस्सा ऐकल्याला त्यांना वर्षे झाली. त्यांना कोणी हाकलले का? नाही. फक्त मूल गुणगुणायला लागले तेव्हा पुढच्या बाकावरची तीन डोकी मागे वळली. एका आजींनी 'शूऽऽ' केले. कोणीतरी बाहेर पडताना म्हणाले, 'जरा वळण लावा हो.' आजच्या शुभवर्तमानात परुश्यांना निदान ठराव करावा लागला होता. आपले काम नजरेवर भागते.

२०१८ सालचा नोव्हेंबर महिना. व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांची बुधवारची सभा चालू होती. अर्जेंटिनातल्या एका कुटुंबातला सहा वर्षांचा मुलगा, बोलू न शकणारा, स्वमग्न, आईचा हात सोडून थेट व्यासपीठावर गेला. तो तिथे खेळू लागला आणि पहारा देणाऱ्या स्विस गार्डचा हात ओढू लागला. आई धावत आली. पोपमहोदयांनी तिला थांबवले आणि सांगितले की त्याला खेळायचे असेल तर खेळू द्या. मग ते श्रोत्यांना म्हणाले की या मुलाला बोलता येत नाही, पण तो मोकळा आहे, आणि देवासमोर मी इतका मोकळा आहे का असा प्रश्न त्याने मला पाडला. पोप फ्रान्सिस २०२५ च्या एप्रिलमध्ये देवाघरी गेले. त्यांची पत्रके आणि भाषणे पुष्कळ आहेत, पण अशा घरच्या आईबापांना हे एक दृश्य पुरे.

त्याआधीची एक गोष्ट लुर्दची आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस एका फ्रेंच जोडप्याला आपल्या दोन मुलांना घेऊन लुर्दच्या यात्रेला जायचे होते. दोन्ही मुले गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेली. धर्मप्रांताच्या यात्रेत त्यांना घ्यायला नकार मिळाला, इतर यात्रेकरूंना त्रास होईल म्हणून. ते आपले आपण गेले. हॉटेलवाल्याने त्यांना जेवण खोलीतच घ्या, असे सांगितले. मातेच्या गुंफेशी येऊनही ते परकेच राहिले. त्यांच्या दुःखातून 'फेथ अँड लाइट' ही चळवळ उभी राहिली आणि १९७१ च्या पुनरुत्थान सणाला १२ हजार यात्रेकरू, अपंग मुले, त्यांचे आईबाप आणि मित्र, लुर्दला जमले. (या चळवळीच्या एका संस्थापकाने स्त्रियांचे शोषण केल्याचे त्याच्या मृत्यूनंतर, २०२० साली उघड झाले. ते झाकून ठेवायचे कारण नाही. पण त्या आईबापांची यात्रा त्यामुळे खोटी ठरत नाही.) लुर्दमातेची गुंफा आपल्याही आवारात आहे. ती बाहेर बसायची जागा होऊ नये.

आता पवित्र साक्रामेंतांविषयी, कारण पालक मला हे दबक्या आवाजात विचारतात: 'फादर, आमच्या मुलाला कम्युनियन मिळेल का? त्याला प्रार्थना पाठ नाहीत.' सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान शिकवताना मनुष्य म्हणजे बुद्धी असलेला प्राणी ही व्याख्या घोकून घेतली. व्याख्या जुनी आहे आणि चांगली आहे. घोटाळा तेव्हा होतो, जेव्हा आपण बुद्धी म्हणजे बोलणे, पाठांतर आणि परीक्षेचे गुण असे धरून चालतो. तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांना हा घोटाळा ठाऊक होता. ज्यांची समज दुबळी आहे त्यांच्याही मनात या संस्काराविषयी भक्ती उपजू शकते, म्हणून त्यांना तो नाकारू नये, असे त्यांनी लिहून ठेवले. संत पोप दहावे पायस यांनी १९१० साली बालकांच्या पहिल्या कम्युनियनसाठी मोठ्या ज्ञानाची अट काढून टाकली. साधी भाकर आणि ही भाकर यांतला फरक मुलाला आपल्या परीने उमगला की पुरे. हा फरक शब्दांत सांगता आला पाहिजे असे नाही. कम्युनियनची रांग लागली की जे मूल गुणगुणणे थांबवून वेदीकडे टक लावते, त्याला काही उमगलेलेच नाही असे मी कोणत्या अधिकाराने म्हणू? ख्रिस्तसभेच्या कायद्याचे ७७७ वे कलम धर्मग्रामाच्या धर्मगुरूवर ही जबाबदारीच टाकते की अपंग मुलांना त्यांच्या कुवतीप्रमाणे धर्मशिक्षण मिळाले पाहिजे. धर्मशिक्षणाविषयी २०२० साली निघालेल्या मार्गदर्शिकेत तर अपंग व्यक्तींना संस्कार नाकारण्याचा हक्क कोणालाही नाही असे सांगितले आहे. म्हणजे इथे कोणी कोणावर मेहेरबानी करत नाही.

ज्या मुलाला जिभेवर होस्तीचा स्पर्श सहन होत नाही त्याचे काय, हाही प्रश्न आला होता. होस्तीचा अगदी लहान तुकडा चालतो, कारण त्या तुकड्यातही संपूर्ण ख्रिस्त आहे. तेही जमत नसेल तर गरजेनुसार फक्त द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन देता येते, कायद्याचे ९२५ वे कलम तशी मुभा देते. आशीर्वाद न दिलेल्या होस्ती घेऊन घरी काही आठवडे सराव करता येईल. सॅक्रिस्टीतून मागून न्या.

जाता जाता सरकारी कागदांविषयीही लिहितो, कारण अशी काही घरे हक्काच्या गोष्टी माहीत नसल्याने मागे राहतात. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाच्या २१ प्रकारांत तिला जागा दिली. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा आहे आणि त्यात थेरपीचाही खर्च येतो. केंद्र सरकारचे सीआरसी नागपुरातच आहे. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: मूल अठरा वर्षांचे झाले की आईबाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. वय सतरा झाले की कागद जमवायला लागा. फॉर्म भरायला आपल्या संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद मदत करतील.

पण कागदांपलीकडे एक प्रश्न उरतोच, आणि तो प्रत्येक आईबापाच्या पोटात असतो: आमच्यानंतर कोण? तुमच्या-माझ्या घरी मरणाची भीती ही आपापल्या मरणाची असते. या घरांत आईबाप देवाकडे मागतात की मुलाच्या आधी आम्हाला नेऊ नकोस. हे मागणे ऐकले की आपले शब्द संपतात. बदलापूरला पालकांनीच एकत्र येऊन 'आधार' ही संस्था उभी केली, बौद्धिक अपंगत्व असलेली त्यांची मोठी झालेली मुले आजन्म राहू शकतील अशी. आपल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळच्या वज्झरला शंकरबाबा पापळकर यांनी शंभराहून अधिक बेवारस अपंग मुलांना आपले आडनाव दिले. सगळी स्वमग्न नव्हेत. कोणी मूकबधिर, कोणी अंध, कोणी मतिमंद. अशा मुलांना अठरा वर्षांनंतर बालगृहाबाहेर काढू नये, म्हणून ते वर्षानुवर्षे सरकारदरबारी झगडत राहिले. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, आणि त्यांची अंध लेक माला पापळकर त्याच वर्षी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. वज्झरचा तो म्हातारा काही ख्रिस्ती नाही. नावे देणे, घरात घेणे, अठरानंतरही न सोडणे, हे सगळे त्याने केले. आपण स्नानसंस्काराच्या वेळी मुलाला नाव विचारतो, आणि साऱ्या धर्मग्रामाच्या वतीने त्याचे स्वागत करतो. ते स्वागत किती वर्षांपर्यंत लागू असते, याचा विचार पॅरिश कौन्सिलने करावा असे मी सुचवले आहे. एका धर्मग्रामाला संस्था उभारता येणार नाही, मला त्याची कल्पना आहे. पण आईबाप आजारी पडले तर या मुलाला ओळखणारी, त्याला काय आवडते, कशाची भीती वाटते हे माहीत असलेली चार घरे तरी असावीत. तेवढे आपल्या लघु ख्रिस्ती समूहांना सहज जमेल.

आजच्या शुभवर्तमानात त्या मुलाला शेवटी बाहेर घालवतातच. पस्तिसाव्या ओवीत येते की येशूने हे ऐकले आणि तो त्याला जाऊन भेटला. आत बोलावणे धाडले नाही, स्वतः बाहेर गेला. आईवडिलांचे पुढे काय झाले ते योहान सांगत नाही. ते सभास्थानात राहिले असतील, मुलाशिवाय.

म्हणून पुनरुत्थान सणानंतरच्या पहिल्या रविवारपासून आपण काही बदल करीत आहोत. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ९ वाजताच्या मिस्सेला कीबोर्ड आणि झांजा वाजणार नाहीत, गायकवृंद माईकशिवाय गाईल आणि कर्ण्यांचा आवाज कमी ठेवला जाईल. (गायकवृंदाची थोडी नाराजी आहे. ती मला ठाऊक आहे. महिन्यातला एकच रविवार आहे.) प्रवचन सात मिनिटांच्या आत संपेल, याचे स्वागत सगळेच करतील. डाव्या बाजूच्या दाराजवळचे दोन बाक या कुटुंबांसाठी राखून ठेवू, म्हणजे उठून जावेसे वाटले तर सगळ्यांसमोरून जावे लागणार नाही. सॅक्रिस्टीशेजारची खोली उघडी असेल. तिथे पंखा आहे, चटई आहे, आणि काचेतून वेदी दिसते. मूल ओरडले, उड्या मारल्या, मध्येच उठून चालू लागले, तर कोणीही मागे वळून पाहू नये. आणि 'मी धरते त्याला थोडा वेळ, तुम्ही दोघं बसा' असे म्हणायचे असेल तर आधी आईला विचारा, कारण काही मुलांना अनोळखी हात सहन होत नाही. ओळख होईपर्यंत चार-पाच रविवार नुसते शेजारी बसावे लागेल.

महिला मंडळाला एक विनंती आहे. शनिवारी दुपारी दोन तास, दोघीदोघींनी, अशा घरी जाऊन बसायला कोणाकोणाला जमेल त्यांची नावे हवी आहेत. काय करायचे ते त्या घरची आई सांगेल. कदाचित ती म्हणेल, तुम्ही बसा, मी झोपते.

पवित्र गुरुवारी, २ एप्रिलला, पाय धुण्याच्या विधीसाठी दरवर्षी बारा जणांची नावे आपण लघु ख्रिस्ती समूहांकडून मागतो. यंदा त्यांतल्या चार जागा या कुटुंबांसाठी ठेवल्या आहेत. मुलाला पायावर पाणी नको असेल तर बाप किंवा बहीण बसेल. पाणी कोमट ठेवायला सांगितले आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी झावळ्यांच्या रविवारपर्यंत नावे द्यावीत, आणि मुलाला जागेची ओळख व्हावी म्हणून बुधवारी संध्याकाळी ५ वाजता, चर्च रिकामे असताना, त्याला एकदा घेऊन यावे. दिवे आणि पंखे चालू ठेवू.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू